राजाचे नाव, भिक्खूचे वन

कॉलेजला नाव द्यायचे म्हणजे आपल्याकडे वाटा ठरलेल्या आहेत. जमीन देणाऱ्याच्या आईचे, पैसा उभा करणाऱ्याच्या वडिलांचे, नाहीतर गावच्या देवाचे. यातले काहीच जमले नाही तर सरस्वती आहेच. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, छावणीकडून विद्यापीठाकडे जाताना जे जुने महाविद्यालय लागते, त्याचे नाव मात्र यातल्या कुठल्याच वाटेने आलेले नाही. ते नाव मिलिंद. मिलिंद हा ग्रीक राजा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तो पंजाबात राज्य करत होता. त्याची राजधानी सागल म्हणजे आजचे सियालकोट, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याची नाणी भरपूर सापडतात. एका बाजूला ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी. ग्रीक त्याला मिनँडर म्हणत, पालीत तो मिलिंद झाला.

पण नाण्यांवरून कुणी कॉलेजचे नाव ठेवत नाही. हे नाव आले ‘मिलिंदपञ्हो’ या पाली ग्रंथावरून. पञ्हो म्हणजे प्रश्न. राजा विद्वान होता, वादाची खुमखुमी असलेला होता, आणि आपल्याला उत्तर देईल असा माणूस या जंबुद्वीपात उरलाच नाही असे त्याचे मत झाले होते. त्याच्या प्रश्नांना कंटाळून भिक्खूंनी सागल सोडले आणि बारा वर्षे ते शहर भिक्खूंवाचून राहिले, असे ग्रंथ सांगतो. (आजही काही विद्यार्थ्यांच्या वर्गावर जायला प्राध्यापक टाळाटाळ करतात, त्याचाच हा जुना अवतार.) शेवटी नागसेन नावाचा भिक्खू आला. राजा म्हणाला, आपण चर्चा करू. नागसेनाने अट घातली. पंडितांसारखी चर्चा करणार असाल तर करू, राजांसारखी करणार असाल तर नाही. फरक काय, असे राजाने विचारले. पंडितांच्या वादात कोंडी होते, कोंडी सुटते, चूक दाखवली जाते, चूक मान्य केली जाते, आणि कुणी रागावत नाही. राजे मात्र एक मत मांडतात आणि ते न मानणाऱ्याला दंड करतात, असे नागसेनाचे उत्तर होते. राजाने पंडितांची रीत कबूल केली आणि मग प्रश्नोत्तरे पुढे चालली.

महाविद्यालयाला राजाचे नाव मिळाले आणि ज्या परिसरात ते उभे आहे त्याला भिक्खूचे. नागसेनवन. विचारणाऱ्याचे नाव इमारतीला आणि सांगणाऱ्याचे नाव झाडांना, ही वाटणी मला फार अर्थपूर्ण वाटते. धर्माच्या नावाने निघालेल्या शिक्षणसंस्था जगभर आहेत, पण आपले नाव उत्तराऐवजी प्रश्नावरून घेणारी संस्था शोधायला बरेच फिरावे लागेल.

हे नाव ठेवणारा माणूस या शहराच्या परिसरात सोळा वर्षे आधी एकदा चोरून आला होता.

१९३४ साल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे तीसेक सहकारी वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. मुलूख निजामाचा. अस्पृश्य म्हणून ओळखले गेलो तर मुक्कामाला जागा मिळणार नाही, म्हणून प्रवासाचा गाजावाजा करायचा नाही असे ठरले होते. औरंगाबादेत मुक्काम झाला आणि तिथून सगळे दौलताबादला गेले. दिवस रमजानचे. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने काठोकाठ भरलेले टाके होते, भोवती दगडी फरसबंदी होती आणि प्रवासाची धूळ सर्वांगावर होती. काही जणांनी तिथे हातपाय धुतले. एवढ्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की यांनी टाके बाटवले. बघता बघता जमाव जमला, शिव्या सुरू झाल्या, आणि हे लोक शेफारले आहेत, यांना धडा शिकवला पाहिजे, इथपर्यंत मजल गेली. बाबासाहेबांनी तेव्हा जमावाला एक प्रश्न विचारला: तुमचा धर्म हेच शिकवतो का? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला तुम्ही या टाक्यावर येऊ देणार नाही का?

जमाव गप्प झाला. उत्तर कुणाकडेच नव्हते. किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि ती पाळली जाते की नाही हे बघायला हत्यारबंद शिपाई सोबत दिला गेला.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ नावाने ते लिखाण १९९० मध्ये पुस्तिका म्हणून छापले गेले, आणि ते छापणारी पीपल्स एज्युकेशन सोसायटी म्हणजेच मिलिंद महाविद्यालय चालवणारी संस्था. दौलताबादपासून नागसेनवन पंधराएक किलोमीटर. दौलताबादच्या दुसऱ्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. कुठल्या धर्मात जायचे ते मात्र सांगितले नाही. प्रत्यक्ष दीक्षा घ्यायला १४ ऑक्टोबर १९५६ उजाडावा लागला. मध्ये एकवीस वर्षे गेली.

त्या एकवीस वर्षांत कुठला धर्म हे ओळखायचे असेल तर भाषणांपेक्षा कॉलेजांची नावे वाचावीत. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत पहिले महाविद्यालय निघाले, त्याचे नाव सिद्धार्थ. औरंगाबादचे निघाले १९५० मध्ये. सुरुवातीला ते संस्थेच्याच नावाने ओळखले जाई, पुढे मिलिंद झाले. धर्मांतराच्या दहा वर्षे आधी संस्थेने बुद्धाचे घरचे नाव घेतले होते, आणि संस्थापक अजून औपचारिकपणे बौद्ध नव्हते. दीक्षा सर्वांत शेवटी आली. त्याआधी ग्रंथालये, प्रयोगशाळा आणि हजेरीपट आले. पुढे १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या निधनानंतर, त्यांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ निघाला तोही सिद्धार्थ कॉलेज प्रकाशनाकडूनच.

औरंगाबादच का? मराठवाड्यात त्या काळी उच्च शिक्षण म्हणण्यासारखे फारसे नव्हते. हैदराबाद संस्थानाचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ चे, आणि ते उर्दू माध्यमातून चाले. त्याचे औरंगाबादेतले कॉलेज १९२३ पासून होते. उर्दूचे मोठे अभ्यासक मौलवी अब्दुल हक तिथे प्राचार्य होते, म्हणजे कॉलेज हलक्या तोलाचे नव्हते. पण शिक्षण बराच काळ इंटरपर्यंतच. पुढे शिकायचे तर हैदराबाद गाठायचे, आणि घरात मराठी बोलणाऱ्या मुलाने गणित, इतिहास, शास्त्र सगळे उर्दूत शिकायचे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या पाचही जिल्ह्यांतल्या शेतमजुराच्या पोराला कॉलेज म्हणजे काय हे ऐकूनही माहीत असण्याचे कारण नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले आणि दोन वर्षांच्या आत हे कॉलेज उघडले. मुंबईत आणखी एखादे कॉलेज काढणे कितीतरी सोपे होते.

आणि लेणी होतीच. वेरूळ, अजिंठा, पितळखोरे ही नावे सगळ्यांना माहीत असतात. पण बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरातही बौद्ध लेणी आहेत, नागसेनवनापासून अगदी जवळ. पर्यटक तिथे क्वचित फिरकतात. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गाभाऱ्यातल्या बुद्धासमोर गुडघे टेकून, हात जोडून बसलेल्या भक्तांच्या जवळजवळ माणसाएवढ्या मूर्ती आहेत. केसांच्या, दागिन्यांच्या तऱ्हा एकेकाच्या वेगळ्या, पण सगळ्यांची नजर एकीकडे. शिल्प म्हणून ते अप्रतिमच आहे. मिलिंद मात्र या पंक्तीत बसणारा नव्हता. या डोंगराच्या पायथ्याशी कॉलेज काढणाऱ्याने हात जोडलेल्या भक्ताऐवजी हुज्जत घालणारा राजा निवडला, हे विसरून चालणार नाही.

१ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. हिंदू कोड बिलावरून त्यांचे आणि बाबासाहेबांचे मतभेद त्या वेळी दिल्लीत रंगले होते. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. कोनशिलेला मात्र दोघे हजर. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. दलितांनी काढलेले, बौद्ध नावाचे कॉलेज, आणि प्राचार्य कायस्थ. शिकवणारे सगळ्या जातींचे, शिकणारेही सगळ्या जातींचे. तिथे कुणाला त्रिशरण म्हणायला लावले जात नव्हते.

याचे एक कारण कॉलेज निघाले त्याच वर्षी, २६ जानेवारी १९५० ला अमलात आलेल्या राज्यघटनेत सापडते, जिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कॉलेजचे संस्थापकच होते. घटनेचे अठ्ठाविसावे कलम सांगते की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, आणि सरकारची मान्यता किंवा मदत घेणाऱ्या संस्थेत ते कुणावर लादता येणार नाही. तिसावे कलम अल्पसंख्याकांना आपापल्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देते. एकाच माणसाने एका हाताने नियम लिहिला आणि दुसऱ्या हाताने कॉलेज काढले, म्हणून हे कॉलेज त्या नियमाचे पहिल्या पिढीतले उदाहरण म्हणून पाहता येते. बौद्धांना केंद्र सरकारने अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले ते मात्र १९९३ मध्ये, कॉलेज त्रेचाळीस वर्षांचे झाल्यावर.

धर्म आणि विद्यापीठ हे नाते बाबासाहेबांना परके नव्हते. १९१३ ते १९१६ या काळात ते ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते १७५४ मध्ये किंग्ज कॉलेज म्हणून निघाले होते. जमीन न्यू यॉर्कच्या ट्रिनिटी चर्चने दिली होती आणि कॉलेजचा प्रमुख इंग्लंडच्या चर्चचाच असला पाहिजे अशी अट होती. हार्वर्ड १६३६ चे, आणि तिथे चर्चला शिकलेले धर्मोपदेशक मिळावेत ही चिंता संस्थापकांना होती. आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठ १९१६ चे, अलीगढ १९२० चे. मुंबईत विल्सन आणि झेवियर्स ही मिशनऱ्यांची. या सगळ्यांच्या गोष्टीत एक साम्य आहे: आधी समाज होता, त्याच्याकडे धर्म होता, पैसा होता, आणि त्याने आपल्या मुलांसाठी विद्यापीठ काढले. मिलिंदची गोष्ट उलटी आहे. तिथे समाजाकडे पैसा नव्हता आणि धर्म सोडायचा होता. नवा अजून घेतलेला नव्हता. कॉलेज आधी आले आणि धर्म त्याच्या मागून.

मग पोरे आली. कुणी बीडकडून, कुणी परभणीकडून, कुणी थेट विदर्भातून. बहुतेकांच्या घरात सही करणारा पहिला माणूस तोच. अनुसूचित जातींसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली होती. बाबासाहेब तेव्हा व्हॉइसरॉयच्या मंडळात होते. वसतिगृहाची खानावळ, पुस्तके, फी, सगळे त्या शिष्यवृत्तीवर. आणि इथेच धर्मांतराची किंमत सगळ्यांत आधी मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार, काही शीख जातींचा अपवाद सोडला तर, अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे होता. दीक्षा घेतली, अर्जावर ‘बौद्ध’ लिहिले, की केंद्राची सवलत गेली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने आपल्यापुरता मार्ग काढला. केंद्राने बौद्धांचा समावेश केला तो १९९० मध्ये. मधल्या तीस-चौतीस वर्षांत अर्जाच्या त्या एका रकान्यापाशी किती जणांची लेखणी अडली असेल याची मोजदाद कुणी केलेली नाही.

कॉलेज निव्वळ पदव्या वाटत बसले नाही. प्राचार्य चिटणीसांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. पहिले दलित नाटक म्हणून त्याचा उल्लेख होतो. ते बाबासाहेबांसमोर झाले आणि १९५६ च्या दीक्षासोहळ्याच्या वेळी नागपुरातही त्याचा प्रयोग झाला. साठच्या दशकात डॉ. म. ना. वानखेडे प्राचार्य झाले. अमेरिकेत शिकून आलेल्या वानखेड्यांनी तिथल्या काळ्या लेखकांचे लिखाण जवळून वाचले होते. आपल्याकडचा दलित लेखक स्वतःच्या जगण्याकडे पाठ फिरवून मध्यमवर्गी मराठीत का लिहितो, असा प्रश्न त्यांनी उभा केला. पुन्हा प्रश्नच! नागपूरहून आलेले गंगाधर पानतावणे तेव्हा मिलिंदमध्ये मराठी शिकवत होते. १९६७-६८ च्या सुमारास आधी ‘अस्मिता’ आणि मग ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक सुरू झाले. ‘अस्मितादर्श’ पानतावण्यांनी पुढची जवळजवळ पन्नास वर्षे चालवले. खेड्यातल्या शाळामास्तराची पहिली कविता, कुणा कारकुनाची पहिली कथा तिथे छापून येई. पत्राला उत्तर येई, आणि कविता परत आली तरी सोबत दोन ओळी असत. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली, तिचे लेखक-कवी सगळ्यांना आठवतात. त्यांच्या आधी आणि त्यांच्या बरोबरीने औरंगाबादेत हे काम शांतपणे चालले होते, ते फारसे आठवले जात नाही. मुंबईला आवाज मोठा, हे त्याचे एक साधे कारण. मराठी साहित्याचा इतिहास मुंबई-पुण्यात बसून लिहिला जातो हे दुसरे.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी, मुंबई विद्यापीठाचे जुने कुलसचिव. तोवर उस्मानियाशी जोडलेले मिलिंद आता या विद्यापीठाखाली आले. विद्यापीठाला जागा मिळाली ती नागसेनवनाच्या पलीकडे, लेण्यांच्या डोंगराच्या कुशीत. कॉलेज आठ वर्षांनी थोरले, विद्यापीठ धाकटे; शेजार मात्र इतका जवळचा की विद्यापीठात जायचे तर कॉलेजवरून जावे लागते. या शेजारात पुढे आणखी एक संस्था आली. १९६३ मध्ये डॉ. रफिक झकेरियांनी रौजाबागेत मौलाना आझाद महाविद्यालय काढले. एका डोंगराच्या पायथ्याशी, काही किलोमीटरच्या आत, आंबेडकर, आझाद आणि सरकार अशी तीन शिक्षणकेंद्रे उभी राहिली. शहरातल्या राजकारण्यांना जे जमले नाही ते या तीन संस्थांच्या विद्यार्थ्यांनी चहाच्या टपऱ्यांवर पुष्कळदा केले, असे जुने लोक सांगतात.

विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे ही मागणी अशा ठिकाणी उठली नसती तरच नवल. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला. मराठवाड्यात वणवा पेटला. खेड्यापाड्यांत दलितांची घरे जाळली गेली, विहिरी बंद झाल्या, माणसे गाव सोडून पळाली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना जीव गमवावा लागला. ठराव झाला पण अंमलबजावणी झाली नाही. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठ ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झाले. जुने नाव पुसले नाही, पुढे नवे जोडले, म्हणून सरकारी भाषेत ते नामांतर झाले नाही, नामविस्तार झाला. ठरावाला सोळा वर्षे होत आली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने वेगळे विद्यापीठ निघाले आणि काही जिल्हे तिकडे गेले.

नुसत्या नावासाठी एवढे कशाला, असे त्या काळी सुशिक्षित माणसे सहज बोलत. ‘मिलिंदपञ्हो’मधला पहिलाच संवाद याच मुद्द्यावर आहे. राजाने नाव विचारल्यावर भिक्खू म्हणाला, मला नागसेन म्हणतात, पण ते केवळ नाव आहे, त्यात कुणी माणूस सापडत नाही. राजा चक्रावला. मग केस म्हणजे नागसेन का, नखे म्हणजे नागसेन का, असे तो विचारत सुटला. नागसेनाने उलट त्याला रथाचे विचारले. चाके म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? नाही, म्हणाला राजा. या सगळ्यांमुळे ‘रथ’ हा शब्द वापरात येतो. नागसेन म्हणाला, माझ्या नावाचेही तसेच.

त्यामुळे नावात काही नसते असे म्हणणाऱ्याला नागसेनाचा दाखला सहज देता येईल. पण अर्धाच. कारण नाव हे आतल्या कुठल्या सत्त्वाचे नसून भागांच्या जुळणीचे आहे हे एकदा मानले, तर जुळणी कुणी केली, चाके कुणी घडवली आणि जू कुणाच्या खांद्यावर होते, हे विचारावेच लागते. नामांतराची मागणी करणारी मुले नेमके हेच विचारत होती. त्यांतली बरीचशी मिलिंदमध्ये शिकलेली होती. आणि समोरचे उत्तर देत होते ते, नागसेनाच्या भाषेत सांगायचे तर, राजांच्या रीतीचे.

मधल्या काळात शहराचेही नाव बदलले. विद्यापीठात पाली आणि बौद्ध धम्म या विषयांचा विभाग आहे. तिथे ‘मिलिंदपञ्हो’ शिकवला जातो, आणि शिकणाऱ्यांत काषाय वस्त्रे नेसलेले भिक्खूही असतात. दरवर्षी १४ जानेवारीला, संक्रांतीच्या सुमारास, विद्यापीठाच्या कमानीपाशी मराठवाडाभरातून माणसे येतात. बाया निळ्या-पांढऱ्या साड्या नेसून, लेकरे खांद्यावर घेऊन. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पुस्तकांचे स्टॉल लागतात; चहापेक्षा तिथे गर्दी जास्त. लोक कमानीला हात लावतात, खाली बसून भाकरी सोडतात, आणि सोबतच्या पोराला वरची अक्षरे वाचायला सांगतात. पोरगे एकेक अक्षर लावत लांबलचक नाव वाचते, ‘विद्यापीठ’ या शब्दाशी अडखळते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.